क्यूबाचं संगीत : सोन, रुंबा, दान्सोन, माम्बो... आणि गाणं अर्ध्यावर बदलतं ते का?

ओवी_कोथरूड

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने मी साल्सा शिकते आहे. वर्गात गाणं लागलं की सर मध्येच सांगतात, "हा सोन आहे, सावकाश घ्या," किंवा "ही तिम्बा आहे, पाय सांभाळा." मला मात्र सगळं एकाच घरचं वाटतं.

परवा रात्री क्यूबाची जुनी गाणी लावली होती, तर बाबा शेजारी येऊन बसले. बाबा आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवतात. त्यांनी डोळे मिटून तीन गाणी ऐकली आणि दोन प्रश्न विचारले. पहिला, "यांची सम कुठे आहे?" दुसरा, "गाणं छान चाललेलं असताना अर्ध्यावर वेगळंच का होतं? कडवी संपतात, मग सगळे मिळून एकच ओळ घोळवतात आणि मुख्य गायक मधल्या जागा भरतो. आपला गजर असतो तसं."

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. इथे जाणकार खूप आहेत. हे सगळे प्रकार कोणते, कशावरून ओळखायचे आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची, सांगाल का? बाबा रोज विचारतात, "आलं का उत्तर?"

लिंबूटिंबू

बाबांचे प्रश्न वाचूनच वाचनखूण साठवली. सतरंजी टाकून बसलो आहे.

भटकभवानी

ओवी, बाबांना माझा नमस्कार सांग. दोन प्रश्नांत त्यांनी अख्ख्या विषयाला हात घातला आहे. मी २०१८ साली तीन आठवडे क्यूबात होते, हवानाहून बसने पार पूर्वेला सान्तियागोपर्यंत गेले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, म्हणून आधी त्याच्याकडे वळते.

सोन हा पूर्व क्यूबाचा. ओरिएन्ते म्हणतात तो डोंगराळ मुलूख, सान्तियागो आणि ग्वान्तानामोच्या आसपासचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्पॅनिश वळणाची शेतकऱ्यांची गाणी आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे ताल एकमेकांत मुरले. मुख्य वाद्य त्रेस. दिसायला गिटारसारखं, पण तारांच्या तीन जोड्या. त्यावर एकच छोटी सुरावट चक्रासारखी फिरत राहते. जोडीला बोंगो ही छोट्या ढोलांची जोडी, माराकास हे खुळखुळे आणि क्लावे नावाच्या दोन टणक लाकडी दांड्या. खर्जासाठी मातीच्या बुधल्याच्या तोंडावर फुंकायचे. नाहीतर मारिम्बुला, म्हणजे लाकडी पेटीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. वादक पेटीवरच बसतो आणि दोन पायांच्या मध्ये हात घालून पट्ट्या छेडतो. सान्तियागोला एरेदिया रस्त्यावर 'कासा दे ला त्रोवा' आहे, तिथे मी एका संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून हे सगळं पाहिलं.

आता गाण्याची रचना. आधी कडवी, त्यात गोष्ट सांगून होते. मग येतो मोन्तुनो. मोन्ते म्हणजे रान किंवा डोंगर, त्यामुळे मोन्तुनो म्हणजे रानातला. यात साथीदार एक छोटी ओळ धरतात आणि मुख्य गायक दोन ओळींमधल्या फटीत जागच्या जागी रचून गातो. शाहीर आणि झीलकरी डोळ्यांपुढे आणा.

आणि गंमत अशी की हा दुसरा भागच जुना. खेड्यातला मूळ सोन म्हणजे ही फिरती ओळ आणि उत्स्फूर्त बोल, बस्स. शहरात आल्यावर पुढे कडवी जोडली गेली. घराचं माजघर जुनं आणि ओसरी नंतर बांधलेली, तसं. म्हणून बाबांना सांग की गाणं अर्ध्यावर बदलत नाही, ते तिथे आपल्या गावी पोचतं.

ओवी_कोथरूड

@भटकभवानी, हे मोठ्याने वाचून दाखवलं. "गावी पोचतं" ऐकल्यावर बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुन्हा लाव." आता समेचं कोण सांगतं?

धा_धिं_ना

मी सांगतो. मी तबल्याचा विद्यार्थी, दोन वर्षं एका लॅटिन वाद्यवृंदात काँगा हा उंच ढोल वाजवतो. क्लावे हे वाद्याचं नाव आणि त्यावर वाजणाऱ्या बोलांचंही नाव. सोळा छोट्या मात्रा धरा, त्यात पाच टोले :

टक् – – टक् – – टक् – | – – टक् – टक् – – –

डाव्या अर्ध्यात तीन, उजव्या अर्ध्यात दोन. याला ३-२ म्हणतात. उलटं सुरू केलं तर २-३. पायाने लय धरा आणि हाताने मांडीवर हे टोले द्या. हाच त्यांचा ठेका.

निनाद_पार्ले

धा_धिं_ना, टोले अचूक लिहिलेत, पण 'ठेका' या शब्दावर माझी हरकत आहे. ठेक्याला सम असते, खाली असते, आवर्तन समेवर येऊन मिटतं. क्लावे तशी मिटत नाही. ती कणा आहे. पियानो, बेस, गायकाच्या ओळी, नाचणाऱ्याचे पाय, सगळं तिच्याशी जुळवून घेतं. पुष्कळदा तर ती प्रत्यक्ष कुणी वाजवतही नाही, सगळ्यांच्या मनात चालू असते. तीनची बाजू ओढणारी, दोनची बाजू सोडवणारी. ओळ चुकीच्या बाजूवर पडली की क्यूबन वादक लगेच म्हणतात, 'क्रुसादो', म्हणजे आडवं गेलं.

बाबांना सम का सापडली नाही याचं खरं कारण बेसमध्ये आहे. आपले कान सम शोधताना खर्जाकडे जातात. दोन छोट्या मात्रांची एक मोठी धरा, म्हणजे क्लावेच्या प्रत्येक अर्ध्यात चार मोठ्या मात्रांचं आवर्तन. क्यूबन बेसवादक पुढच्या आवर्तनाचा सूर आदल्या चौथ्या मात्रेवरच देऊन मोकळा होतो, आणि पहिल्या मात्रेवर गप्प बसतो. जिथे आपण 'धा' ऐकायला कान टवकारतो तिथे पोकळी असते. ती पोकळी नाचणाऱ्याने पायाने भरायची.

धा_धिं_ना

@निनाद_पार्ले, मान्य. कणा हाच शब्द बरोबर. काँग्यावरही हेच आहे, दुसऱ्या मात्रेवर चापटी आणि खुले बोल चौथ्यावर. पहिली मोकळीच. पहिले सहा महिने मी आपोआप पहिल्यावर जोर द्यायचो आणि म्होरक्या माझ्याकडे बघून मान हलवायचा.

लिंबूटिंबू

आमच्या ऑफिसातला एक सहकारी मीटिंगभर पेनाने टेबल वाजवतो. उद्यापासून त्याला हे पाच टोले शिकवतो, म्हणजे निदान सगळ्यांचे पाय तरी हलतील.

जुनी_तबकडी

मी सत्तरी ओलांडलेला गिरगावकर. थोरल्या भावाने जहाजावरच्या नोकरीतून आणलेल्या तबकड्यांवर माझे कान तयार झाले. सोनबद्दल भटकभवानीबाईंनी छान लिहिलं आहे. पण क्यूबाच्या संगीताचा दुसरा एक वंश आहे, दिवाणखान्यातला, आणि त्याच्याशिवाय माम्बो, चा-चा-चा कळत नाहीत.

१७९१ साली शेजारच्या हैतीत गुलामांचा उठाव झाला. तिथले फ्रेंच मळेवाले, त्यांच्याबरोबरचे गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय पळून पूर्व क्यूबात आले. येताना फ्रेंच नाच घेऊन आले. त्याची झाली कोन्त्रादान्सा, मग आबानेरा. फ्रेंच संगीतकार बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेरातली ती प्रसिद्ध चीज याच चालीची. बिझेला ती लोकगीतातली वाटली होती, प्रत्यक्षात ती सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराची निघाली.

१ जानेवारी १८७९. मातान्सास शहरातल्या एका क्लबात मिगेल फाइल्दे याच्या वाद्यवृंदाने 'लास आल्तुरास दे सिम्प्सोन' वाजवलं आणि दान्सोनचा जन्म त्या तारखेला धरला जातो. दान्सोनमध्ये मुखडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो वाजत असताना जोडपी नाचायची थांबतात! उभी राहून पंख्याने वारा घेतात, गप्पा मारतात. मधली सुरावट सुरू झाली की पुन्हा नाच. त्या उकाड्यात आणि त्या कपड्यांत काय शहाणपणाची सोय आहे पाहा. पुढे पितळी वाद्यांच्या जागी बासरी, व्हायोलिनं आणि पियानो आले, त्या ताफ्याला चारांगा म्हणतात.

१९३८ मध्ये बासरीवादक आर्कान्योच्या ताफ्यातल्या ओरेस्तेस लोपेसने एक दान्सोन रचला, नाव 'माम्बो'. त्याचा भाऊ काचाओ त्याच ताफ्यात. दान्सोनच्या शेवटच्या भागात त्यांनी सोनसारखी फिरती, उसळती सुरावट घातली. म्हणजे रानातला मोन्तुनो दिवाणखान्यात शिरला. दहा वर्षांनी पेरेस प्रादो या क्यूबन पियानोवादकाने मेक्सिकोत बसून तोच शब्द उचलला आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनांचा दणका उडवला. १९४९ चा 'माम्बो नंबर ५' जगभर गेला.

पण तो माम्बो सामान्य माणसाच्या पायांना झेपेना. व्हायोलिनवादक एन्रिके होर्रीन हे रोज नाचघरात बघत होता. त्याने सुरावटीचा जोर सरळ मात्रेवर आणून ठेवला, वादकांना एका सुरात गायला लावलं. १९५३ ची 'ला एन्गान्यादोरा' ही त्यातली पहिली गाजलेली तबकडी. नाचणाऱ्यांच्या चपलांचा फरशीवर आवाज यायचा, चा-चा-चा. तेच नाव पडलं. लोकांच्या पायांकडे बघून चाल बदलणारा असा संगीतकार मला फार मोठा वाटतो.

मांडवीकाठ

काका, दंडवत. आमच्या गोव्यात अजून लग्नात चा-चा-चा सुरू झाला की सासू-सासरे आधी उठतात. त्या नाचाचा जन्म कुणाच्या तरी अडखळणाऱ्या पायांमुळे झाला हे आज कळलं.

एक भर घालतो. मुंबईच्या डान्स बँडांत वाजवणारे बहुतेक गोंयकार. स्वरलिपी वाचता यायची, त्यामुळे परदेशातून आलेलं नवं संगीत ते आठवड्याभरात बसवायचे. तिथून ते सिनेमात गेलं. १९५१ च्या 'अलबेला'त आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, मूळ नाव आंतोनियो शावियेर वाझ. 'शोला जो भड़के' या गाण्यात ते स्वतः आपल्या ताफ्यासकट पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे क्यूबन सदरे घालून. बोंगो आणि माराकास ऐकू येतात ते पुन्हा लावून बघा.

ओवी_कोथरूड

'शोला जो भड़के' आईचं आवडतं! म्हणजे बोंगो आमच्या घरात आईच्या लहानपणापासून वाजतो आहे.

अवधूत_नाशिक

सगळ्यांचं वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण थोडा विरोधी सूर लावतो. एवढी नावं कशाला? सोन, दान्सोन, माम्बो, चा-चा-चा, ग्वाराचा, ग्वाहिरा, सोंगो, तिम्बा... प्रत्येक पिढीने जुन्यालाच नवं लेबल लावलेलं दिसतं. ऐकावं, आवडलं तर पुन्हा ऐकावं. नव्या माणसाला नावांच्या जंजाळात टाकलं की तो पळतो.

मायामीकर

अवधूत, लेबलांचा राग समजतो. मी अठरा वर्षं मायामीत आहे आणि इथे 'साल्सा' या एका लेबलावरून जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. माझे क्यूबन शेजारी म्हणतात, साल्सा वगैरे काही नाही, आमच्या सोनला न्यूयॉर्कमध्ये दुसरं झबलं चढवलं. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आर्सेनियो रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने १९४० च्या दशकातच सोनच्या ताफ्यात काँगा, पियानो आणि दोन-तीन ट्रम्पेट आणले. आज साल्साचा म्हणून जो ताफा दिसतो त्याचा सांगाडा तिथला.

पण माझी प्वेर्तो रिकोची सहकारी हे ऐकून घेत नाही, आणि मी तिच्या बाजूचा आहे. १९६० नंतर अमेरिका-क्यूबा संबंध तुटले, तबकड्या यायच्या बंद झाल्या. न्यूयॉर्कच्या वस्त्यांत राहणाऱ्या प्वेर्तो रिकन, डोमिनिकन, क्यूबन पोरांनी ते संगीत जगवलं आणि त्यात स्वतःचं ओतलं. ट्रम्पेटाच्या जागी विली कोलोनचे खरखरीत ट्रॉम्बोन, बोलांत वस्तीतलं जगणं. १९६४ मध्ये जॉनी पाचेको या डोमिनिकन संगीतकाराने जेरी मासुचीबरोबर फानिया ही कंपनी काढली आणि या सगळ्याला साल्सा हे नाव चिकटलं. सेलिया क्रूस १९६० मध्येच क्यूबा सोडून बाहेर पडली होती, ती पुढे या साल्साची राणी झाली. बी क्यूबाचं, पण झाड वेगळ्या मातीत वाढलं. या नावामागे एवढी ताटातूट आहे, म्हणून मी ते टाकून देणार नाही.

आणि ओवी, क्यूबात स्वतः लोक जे नाचतात त्याला ते 'कासिनो' म्हणतात. हवानातल्या 'कासिनो देपोर्तिवो' या क्लबावरून पडलेलं नाव, १९५० च्या दशकातलं. सगळ्या जोडप्यांनी गोल करून, म्होरक्याच्या हाळीवर जोडीदार बदलत नाचायचं ते 'रुएदा'.

भटकभवानी

@अवधूत_नाशिक, मीही नावं पाठ करत नव्हते. मग हवानाच्या 'कायेहोन दे आमेल' या गल्लीत रविवारी रुंबा पाहिला आणि नावांची गरज पटली.

आधी एक गैरसमज. स्पर्धांमध्ये चमकदार कपड्यांत नाचतात तो रुंबा वेगळा. क्यूबाचा रुंबा हा हवाना आणि मातान्सासच्या गोदीतल्या, चाळवजा वाड्यांतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा. त्यात सुरांचं वाद्यच नाही. ढोल, काठ्या, क्लावे आणि गळा. ढोल नसले तर सुक्या माशांची आणि मेणबत्त्यांची खोकी उलटी करून वाजवायचे, आजही त्या खोक्यांना काहोन म्हणून मान आहे.

तीन प्रकार. यांबू सावकाश, म्हाताऱ्यांचा म्हणतात, वाकून, कमरेवर हात ठेवून. ग्वाग्वांको म्हणजे कोंबडा-कोंबडीचा पाठलाग. पुरुष संधी साधून अचानक हात, पाय किंवा रुमाल बाईच्या दिशेने झटकतो, आणि ती तेवढ्याच चपळाईने घागऱ्याने स्वतःला झाकते. त्या झटक्याला वाकुनाव म्हणतात. यांबूत वाकुनाव वर्ज्य. तिसरा कोलुंबिया, एकट्याचा, पूर्वी फक्त पुरुषांचा. नाचणारा आणि किन्तो नावाचा सगळ्यात चढा ढोल यांच्यात सवाल-जवाब चालतो. पायाने सवाल, ढोलाने जवाब.

माझ्या शेजारी एक आजीबाई उभ्या होत्या. ढोल सुरू झाल्याबरोबर त्या "यांबू" म्हणाल्या आणि हातातली पिशवी माझ्याकडे देऊन नाचायला गेल्या. ग्वाग्वांको सुरू झाल्यावर परत येऊन पिशवी घेतली. त्यांना नाव माहीत होतं म्हणून कधी जायचं ते कळलं.

अवधूत_नाशिक

पिशवीचा किस्सा वाचून विरोध मागे घेतो. ढोलकीच्या फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यातला फरक कुणी 'लेबल' म्हणाला तर मलाही राग येईल.

धा_धिं_ना

भटकभवानी, रुंब्याची क्लावे थोडी वेगळी, तीनच्या बाजूचा तिसरा टोला किंचित मागे सरकतो :

टक् – – टक् – – – टक् | – – टक् – टक् – – –

एवढ्याशा सरकण्याने सगळी लय रेलून बसते. 'लोस मुन्येकितोस दे मातान्सास' हा १९५२ पासूनचा ताफा यासाठी ऐकावा. २०१६ मध्ये युनेस्कोने क्यूबाच्या रुंब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं.

आणि याच्याही मागे देवघरातलं संगीत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांनी आणलेले बाता ढोल, दुतोंडी, आडवे मांडीवर घेऊन वाजवायचे, बाबांच्या पखवाजासारखे. तीन असतात : इया, इतोतेले, ओकोन्कोलो. इया म्हणजे आई, सगळ्यात मोठा, तो बोलतो आणि बाकीचे उत्तर देतात. सान्तेरिया या त्यांच्यापासून आलेल्या क्यूबन धर्माच्या विधींत प्रत्येक देवतेचे बोल ठरलेले. ते ऐकताना मला गोंधळ्यांचं संबळ आठवतं.

सुमती_मिरज

मी फक्त वाचणार होते, पण राहवलं नाही. आम्ही मिरजेचे, सनई-चौघड्याच्या आवाजात वाढलो. सान्तियागोच्या जुलैतल्या कार्निव्हलचं चित्रीकरण पाहिलं. शेकडो माणसं ढोलांमागे चालली आहेत आणि सगळ्यांच्या वर एक चिरकी, टोकदार सनई! नाव 'कोर्नेता चीना', म्हणजे चिनी कर्णा. उसाच्या मळ्यांत राबायला चिनी मजूर क्यूबात आणले, त्यांनी आपलं 'सुओना' हे वाद्य नेलं. सुओना हा शब्द फारसीतल्या सुर्नापासून आला, आणि आपली सनई त्याच घराण्यातली. म्हणजे एक बहीण मिरजेच्या दर्ग्यात आणि एक कॅरिबियन समुद्रावर. त्या रात्री झोप लागली नाही मला.

जुनी_तबकडी

सुमतीताई, हे फारच सुंदर. तुमच्यामुळे मला 'पुंतो' आठवला. शेतकऱ्यांचं गाणं, स्पॅनिश 'देसिमा' छंदात, दहा ओळी आणि ओळीत आठ अक्षरं, आपल्या लहान अभंगाच्या चरणासारखी. दोन कवी समोरासमोर बसून जागच्या जागी रचत एकमेकांना उत्तरं देतात, यमक चुकवायचं नाही. 'ग्वान्तानामेरा' सगळ्यांना माहीत असतं. होसेइतो फर्नांदेस त्या चालीवर रेडिओवरून घडामोडी गाऊन सांगायचा, पोवाड्यासारख्या. क्यूबाचा राष्ट्रकवी होसे मार्ती याच्या १८९१ च्या कविता त्या चालीत नंतर बसवल्या गेल्या, आणि अमेरिकन लोकगायक पीट सीगरने त्या जगभर नेल्या.

फेरीवाल्यांच्या आरोळ्यांचीही तिथे गाणी झाली, त्यांना 'प्रेगोन' म्हणतात. मोइसेस सिमोन्सचं 'एल मानिसेरो' हे शेंगदाणेवाल्याचं गाणं १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि तिथून अमेरिकेत क्यूबन संगीताची लाट उसळली. आमच्या वाडीतला कल्हईवाला "कल्हाऽऽई" म्हणून शेवटचा स्वर असा काही वर नेऊन सोडायचा, अजून कानात आहे. त्याचं गाणं कुणी केलं नाही याचं वाईट वाटतं.

लिंबूटिंबू

काका, आमच्या गल्लीत अजून एक बाई "भांडीऽऽये" म्हणत येते. उद्या ध्वनिमुद्रण करतो, वचन.

निनाद_पार्ले

बोलेरो राहिला. १८८३ च्या सुमारास सान्तियागोच्या पेपे सान्चेसचा 'त्रिस्तेसास' हा पहिला धरतात. पेपे पेशाने शिंपी. गिटार घेऊन फिरणाऱ्या त्या गायकांना त्रोवादोर म्हणायचे. १९४० च्या दशकात हवानाच्या तरुणांनी बोलेरोत जॅझचे स्वरमेळ मिसळले, तो 'फिलिन'. सेसार पोर्तियो दे ला लुसचं 'कोन्तिगो एन ला दिस्तान्सिया' रात्री दिवे मालवून ऐका. १९५९ च्या क्रांतीनंतरच्या पिढीत सिल्व्हियो रोद्रिगेस आणि पाब्लो मिलानेस यांनी तीच गिटार-परंपरा नव्या आशयाने पुढे नेली, ती 'नुएव्हा त्रोवा'.

मायामीकर

आणि क्रांतीनंतरचं नाचाचं संगीत विसरू नका. सगळेजण 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' या जुन्या क्यूबन कलाकारांच्या तबकडीपाशी थांबतात. मार्च १९९६ मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत मुद्रित झालेली ती तबकडी सुंदर आहे, पण तिच्यामुळे जगाला वाटतं की क्यूबा म्हणजे म्हातारे गायक आणि जुन्या मोटारी. त्याच वर्षी हवानातली पोरं त्या गाण्यांवर नाचत नव्हती, तिम्बावर नाचत होती.

हुआन फोर्मेलने १९६९ मध्ये 'लोस व्हान व्हान' काढला, सोनमध्ये ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक बेस आणला, तो सोंगो. १९७३ मध्ये चुचो वाल्देसचा 'इराकेरे', ज्याने बाता ढोल आणि जॅझ एकत्र केले. मग १९८८ मध्ये 'एनजी ला बांदा' आणि त्यातून तिम्बा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबात वीज नाही, इंधन नाही, अन्न नाही, त्या काळातलं हे धारदार, वेगवान, रस्त्यावरच्या भाषेतलं संगीत. मध्येच बेस तुटतो, ताल उसळून परत येतो. ते ऐकल्याशिवाय क्यूबा ऐकला असं मी म्हणणार नाही.

भटकभवानी

तिम्बाबद्दल पूर्ण सहमत, बुएना व्हिस्टाबद्दल नाही. त्या तबकडीतला गायक इब्राहिम फेरेर तेव्हा बूटपॉलिश करून पोट भरत होता. पियानोवादक रुबेन गोन्सालेसच्या घरी वाजवण्याजोगा पियानो नव्हता. आर्सेनियोच्या ताफ्यात वाजवलेला माणूस तो! त्या तबकडीने त्यांना उतारवयात पुन्हा वाद्यापाशी बसवलं. शिवाय मी स्वतः त्याच दारातून आत आले, आणि ओवीसुद्धा बहुतेक त्याच दारात उभी आहे. दाराला दोष देऊ नये, आत किती खोल्या आहेत ते सांगावं.

मायामीकर

खोल्या सांगतोच आहे. पण फेरेरबद्दलचं म्हणणं मनापासून मान्य.

ओवी_कोथरूड

मंडळी, चार दिवस प्रतिसाद देता आला नाही, कारण आम्ही दोघं फक्त ऐकत होतो. एवढं वाचल्यावर आता कुठल्या क्रमाने ऐकू?

निनाद_पार्ले

आधी सेक्स्तेतो हाबानेरो आणि इग्नासियो पिन्येइरोचा सेप्तेतो नासिओनाल, १९२० च्या दशकातला शहरी सोन. दुसऱ्यात ट्रम्पेट आलेला ऐकू येईल. मग त्रिओ मातामोरोस, मग आर्सेनियो, मग गायक बेनी मोरे. बेनीला स्वरलिपी येत नव्हती, पण मोठ्या ताफ्याची बांधणी तो गाऊन सांगायचा. त्याचा आवाज ऐकल्यावर दोन दिवस दुसरं काही लावू नका.

धा_धिं_ना

बाबांसाठी एक खूण. मोठ्या ताफ्यात मोन्तुनो आला की बोंगोवादक बोंगो बाजूला ठेवून हातात घंटा घेतो. ठुमरीत लग्गी सुरू झाल्यावर तबला जसा फुलतो तसं वाटेल. ती घंटा पकडा.

ओवी_कोथरूड

काल रात्री आर्सेनियो लावला. बाबा पहिल्या गाण्यात मान खाली घालून मांडीवर पाच टोले देत होते, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसले. दुसऱ्या गाण्यात कडवं चालू असताना त्यांनी हात वर केला. मला वाटलं थांबव म्हणताहेत. तेवढ्यात घंटा वाजली आणि झीलकरी आले.

"आधी कसं कळलं?" विचारलं तर म्हणाले, "त्रेसवाला घरी जायच्या घाईत होता."

आज मंडळाची बैठक आहे. पखवाजाबरोबर आईचं एक लाटणं आणि खलबत्त्याचा दांडा पिशवीत घातला आहे त्यांनी.

भटकभवानी

लाटणं! ओवी, मंडळातून परत आले की त्यांना कोलुंबिया लाव. तिथे चारचा हिशेब सोडून सहाचा सुरू होतो. सम कुठे सापडते ते इथे येऊन लिहायला सांग, मला अजून सापडलेली नाही.